दोन थेंब खोबरेल

मला राग लवकर येतो, आणि चूक माझी असली तर आणखी लवकर येतो. आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ आहे. आता लिहायला बसलेच आहे तर वाचणाऱ्यालाही आधीच सांगून ठेवते. ज्या चुकीबद्दल लिहायचं आहे ती शंभर टक्के माझी होती, आणि तिची शिक्षा भलत्याच बाईला होणार होती.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. मी राहायला बदलापूरला, शिरगावात, आणि नोकरीला अंबरनाथच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स. सकाळी ओपीडी, दुपारी फील्ड. फील्ड म्हणजे फॅक्टरी एरियाच्या मागे ज्या बैठ्या चाळी होत्या तिथं घरोघर हिंडायचं. कुणाला दिवस गेलेत, कुणाचं पोर लशीचं राहिलंय, कुणाच्या अंगात रक्त नाही, कुणाला अंगावरून जातंय पण लाजेनं सांगत नाही, हे सगळं काढून घ्यायचं आणि वहीत लिहायचं. बायका मला ‘बाई’ म्हणायच्या, पुरुष ‘सिस्टर’ म्हणायचे. दोघंही जरा टरकून असायचे, कारण माझ्या तोंडाला लगाम नव्हता. तीन महिन्यांच्या पोराला डांग्या खोकला झाला आणि आई अंगारे धुपारे करत बसली, की मी दारातूनच सुरू व्हायची.

महिन्याच्या मीटिंगला एकच प्रश्न असायचा, “सिस्टर, ऑपरेशनच्या केसेस किती?” दोन पोरं झाली की बाईला उचला आणि टेबलावर घाला. मला ते पटायचं नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरी, अंगात रक्ताचा थेंब नाही, त्यांना आधी चार वर्षं श्वास तरी घेऊ द्या! पाळणा लांबवायचा असेल तर निरोध आहे, गोळ्या आहेत, तांबी आहे. गोळ्यांनी मळमळतं म्हणून बायका सोडून द्यायच्या. तांबीबद्दल कुणीतरी उठवलं होतं की ती वर चढत चढत काळजात जाते. राहिला निरोध. फुकट मिळायचा, माझ्या बॅगेत असायचा. पण घेणार कोण?

त्याचं नावसुद्धा कुणी घ्यायचं नाही. सगळ्या जणी ‘ते’ म्हणायच्या. पुरुषांना वाटायचं हे बायकांचं काम, आणि बायकांना दुकानातून आणायची सोय नव्हती. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराकडे समोरच टांगलेले असायचे, पण तो भर गर्दीत विचारणार, “क्या चाहिए भाभी, खुलके बोलो ना!” मग ती भाभी जिरं घेऊन परत यायची.

म्हणून सरकारनं डेपोची पद्धत काढली होती. वस्तीतल्याच एका घरात पेटी ठेवायची, लागेल त्या बाईनं तिथून गुपचूप न्यायचं. कागदावर सोपं. पण असली पेटी घरात ठेवून घेणारी बाई शोधता शोधता माझ्या चपला झिजल्या. शेवटी एक मिळाली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, बदलापूरजवळच्या सोनिवलीची माहेरवाशीण, दोन पोरांची आई. पहिलटकर होती तेव्हापासून मी तिला ओळखत होते. नवरा अंबरनाथच्या एका रबराच्या कंपनीत प्रेसवर होता. पाइपांना लागणाऱ्या रिंगा, वॉशर, गॅसकेट असला माल तिथं निघायचा. ती स्वतः उल्हासनगरहून जीन्सच्या पँटींचे गठ्ठे आणून धागे कापायची. हाताखाली चार बायका बसवायची. त्यामुळे तिच्या घरी दिवसभर बायकांची ये-जा, कुणाला संशयच यायचा नाही. मी विचारलं तेव्हा तिनं एका मिनिटात होकार दिला. म्हणाली, “ठेवा की बाई. चोरीचा माल आहे का?”

बायका तिला डेपोवाली म्हणायला लागल्या. मीही तेच म्हणेन.

तिची हुशारी बघा. संक्रांत आली. आमच्याकडे हळदीकुंकू नसतं, पण चाळीतल्या बायका मला तिळगुळाला हट्टानं बोलवायच्या आणि मी जायची. डेपोवालीनं त्या वर्षी वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात कागदाची पुडी ठेवली. वर एक प्लास्टिकचा कंगवा, आत निरोधचं पाकीट. एकीनं तिथंच पुडी सोडली आणि किंचाळलीच, “अगं बया! हे वाण सासूला दाखवू का?” जी हसाहशी झाली म्हणता! म्हाताऱ्या शेजारच्या खोलीत होत्या म्हणून बरं.

हसता हसता मग बायकांची तोंडं उघडली. एरवी वहीसमोर जे कधी बोलल्या नसत्या ते बोलल्या. एक म्हणाली, कोरडं असतं हो, आग होते. दुसरी म्हणाली, दोन दिवस बसवत नाही. तिसरी म्हणाली, म्हणून मी यांना नकोच म्हणते, होईल ते होईल. मी बघितलं की गाडी रुळावरून घसरतेय. आणि छातीवर हात ठेवून सांगून टाकलं, “एवढंच ना? मग दोन थेंब खोबरेल लावा की! डोक्याला चोपडता ना वाटीभर? आणि नवऱ्याला विचारत बसू नका. अंधारात आपलं आपण लावून घ्यायचं. त्याला कळायचंही नाही.”

सगळ्या हसल्या. सगळ्यांनी ऐकलं.

हे मी कुठून काढलं? माझ्या डोक्यातून. मला स्वतःला तांबी होती, निरोधशी माझा संबंध आला होता तो फक्त वहीत लिहिण्यापुरता. ट्रेनिंगमध्ये वाटायचा कसा ते शिकवलं होतं, कोरडा लागला तर काय करायचं हे कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलं नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणणं माझ्या रक्तातच नव्हतं. बायकांनी विचारलं की उत्तर तयार.

आणि उपाय लागू पडला ना! तक्रारी थांबल्या. पेटी रिकामी व्हायला लागली, मी भरून द्यायला लागले. मीटिंगमध्ये मी मान वर करून सांगितलं की माझ्या चाळींमध्ये बायका स्वतः येऊन मागून नेतात. इतर सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू!

पाडवा होऊन गेला. एप्रिलच्या उन्हात एके दिवशी ओपीडीत बाकड्याच्या टोकाला डेपोवाली बसलेली दिसली. एरवी आली की सरळ आत घुसायची. त्या दिवशी सगळ्या बायका जाईपर्यंत थांबली, मग टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाली, “बाई, दोन महिने झाले.”

मी भडकले. खरं सांगते, पहिला शब्द माझ्या तोंडून निघाला तो असा, “तू? दुसऱ्यांना शहाणपण शिकवतेस आणि स्वतः आळस केलास?”

“नाही बाई. एकदाही चुकले नाही.”

“एखाद्या वेळी राहिलं असेल. आठव.”

“नाही राहिलं.”

“असं कसं होईल मग?”

मी तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. डॉक्टरबाईंनी तपासलं. दिवस गेले होते, आणि रक्त कमी. डॉक्टरबाई शांत स्वभावाच्या. त्या म्हणाल्या, “होतं असं. साधन कधीकधी फसतं. तिला नको असेल तर पाडता येईल, कायद्यात बसतं. नवऱ्याची सही लागत नाही. तिला विचारा आणि मला सांगा.” मी तिला बाहेर नेऊन हे सांगितलं. ती म्हणाली, घरी बोलते आणि येते.

आठ दिवस आली नाही. मी दुसऱ्या वस्तीतल्या लसीकरणात अडकले होते. पुढच्या बुधवारी चाळीत गेले तर वारंच फिरलेलं. पहिल्या घरात दार अर्धं उघडलं, एक हात बाहेर आला, त्या हातानं निरोधचं पाकीट माझ्या बॅगेत टाकलं आणि दार बंद. दुसऱ्या घरात तोंडावर सांगितलं, “नको बाई आम्हाला तुमचं ते. डेपोवालीचं काय झालं ते बघितलंय.”

“काय झालं?”

मग कळलं. तिनं नवऱ्याला सांगितलं होतं. तो दोन दिवस काही बोलला नाही, जेवलाही नाही. माणूस तसा वाईट नव्हता हो. दारू नाही, हात उचलणं नाही. पण कंपनीत त्याला वर्षभर टोमणे खावे लागत होते, “काय रे, बायको डेपो चालवते म्हणे तुझी?” ते सगळं आत साठलं होतं. तिसऱ्या दिवशी सुट्टी नव्हती, तो कामावर निघाला होता, ती नळावर भांडी घेऊन उभी होती. सकाळच्या पाण्याची वेळ, अख्खी चाळ रांगेत. आणि तो तिथं ओरडला, “मी दर वेळी वापरलंय! मग हे कुणाचं? घरात पेटी भरून ठेवलीये ती कुणाकुणासाठी, विचारा हिला!” एवढं बोलून कामावर निघून गेला. संध्याकाळी सोनिवलीला तिच्या भावाला निरोप धाडला, की शुक्रवारी येऊन बहिणीला घेऊन जा. पोरं इथंच राहतील.

आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी शुक्रवारी असते. म्हणजे मध्ये फक्त गुरुवार होता.

मी तिच्या घरात शिरले. पँटींचा गठ्ठा दोरीसुद्धा न सोडता कोपऱ्यात पडलेला. धागे कापणाऱ्या बायका येणं बंद झालं होतं. धाकटी मुलगी तिच्या मांडीवर झोपलेली, मोठा शाळेत. ती म्हणाली, “बाई, माझं सोडा. ही दोघं मला सोडून राहतील का?” आणि रडायला लागली. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. बाळंतपणातसुद्धा नाही.

माझा जीव कळवळला, आणि मग डोक्यात सणक गेली. गुरुवारी डॉक्टरबाईंच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, चिठ्ठी द्या, लिहून द्या की मूल त्याचंच आहे. त्या म्हणाल्या, “सिस्टर, साधन फसू शकतं एवढं मी लिहीन. मूल कुणाचं ते कुठल्या कागदावर लिहू?” त्यांचं बरोबर होतं. मला बरोबर बोलणाऱ्यांचाही राग येत होता.

शुक्रवारी मी रजा टाकली आणि दुपारी तिच्या घरी गेले. खोलीत चारच माणसं. तिचा नवरा बनियनवर खाटेवर बसलेला. सासू सुपात तांदूळ निवडत होती. दाराजवळ तिचा भाऊ, चप्पल न काढता उभा. आणि ती चुलीच्या कोनाड्याशी, शेजारी पत्र्याची ट्रंक भरून ठेवलेली. पोरांना शेजारी पाठवलं होतं.

मी बसलेसुद्धा नाही. “लाज नाही वाटत? भर नळावर बायकोची अब्रू काढता?”

“सिस्टर, तुम्ही मध्ये पडू नका.”

“मी पडणार! पेटी मी दिली होती तिला. साधन कधी कधी फसतं, आमच्या डॉक्टरबाई लिहून द्यायला तयार आहेत.”

तो हसला, पण कडू. म्हणाला, “मला रबर शिकवता? बारा वर्षं प्रेसवर आहे मी. तुमचा माल मी बघितलाय. ताणून बघितलाय. चांगला माल आहे, ताजा आहे. चांगलं रबर असं उगीच फाटत नाही सिस्टर. काहीतरी कारण लागतं. आणि कारण मला समोर दिसतंय.” असं म्हणून त्यानं बायकोकडे बघितलं.

भाऊ म्हणाला, “ताई, नको यांच्या तोंडाला लागू. चल घरा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले, “अहो, तिनं सगळं मी सांगितलं तसं केलंय! एक दिवस चुकवला नाही! त्रास झाला तरी चुकवला नाही, खोबरेल लावून लावून वापरलं तिनं!”

तो उठून उभा राहिला.

“कसलं खोबरेल?”

सासूचे हात सुपातच थांबले. त्यानं बायकोला विचारलं, “तेल लावत होतीस? त्याला?”

तिनं मान खाली घालून होय म्हटलं. हे तिनं नवऱ्याला सांगितलंच नव्हतं. सांगणार कशी? नवऱ्याला कळू द्यायचं नाही, असं मीच तर शिकवलं होतं.

“कधीपासून?”

“संक्रांतीपासून.”

तो पुन्हा खाटेवर बसला. मग आपल्याशीच बोलल्यासारखं बोलायला लागला. “रबराला तेल? अगं, आमच्याकडे डबा खाल्ला की साबणानं हात धुतल्याशिवाय मालाला हात लावू देत नाहीत. तेल लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं, जीवच जातो त्याचा. सुपरवायझर आईबहिणीवरून शिव्या देतो.” मग एकदम उठला, पेटीतून दोन पाकिटं काढली आणि फाडली. सासू तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. भाऊ छताकडे बघायला लागला. त्या माणसाला कशाचंच भान नव्हतं. त्यानं स्टीलचे दोन पेले घेतले आणि दोन्हींच्या तोंडावर रबर ताणून बसवलं, बरणीला फडकं बांधतात तसं. एक कोरडं ठेवलं. दुसऱ्यावर कोनाड्यातल्या बाटलीतलं खोबरेल टाकलं, अंगठ्यानं चोळलं, आणि आम्ही सगळे थांबलो. मी मनात म्हणत होते, काही होऊ नये. आणि त्याच वेळी म्हणत होते, होऊ दे.

त्यानं कोरड्यावर बोट दाबलं. बोट आत गेलं, रबर खाली गेलं, पण टिकलं. मग तेल लावलेल्यावर बोट टेकवलं. जोर लावायच्या आतच फट् झालं.

“कुणी सांगितलं होतं तुला?” त्यानं विचारलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. नाव घ्यायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. त्या क्षणीही ती मला सांभाळत होती! मला स्वतःची शरम वाटली.

“मी,” मी म्हटलं. “मी सांगितलं. हिला एकटीला नाही, सगळ्यांना.”

त्यानं फाटक्या रबराचा पेला बाजूला सरकवला. मग खालच्या आवाजात बायकोला म्हणाला, “चुकलं माझं. ट्रंक सोड. कपडे परत ठेव.” आणि मला म्हणाला, “सिस्टर, झालं ते झालं. हे ह्या चार भिंतींत राहू दे. उगाच बाहेर कळलं तर तुमच्या नोकरीवर येईल. आम्ही काही बोलणार नाही.”

लपवून काय करू? मला हायसं वाटलं. एवढा भला माणूस, मनात आलं. कुणाला न सांगता पुढच्या खेपेला हळूच म्हणायचं, तेलाचं राहू द्या आता, नवीन सूचना आल्यात. नोकरी माझी, अब्रू तिची, दोन्ही वाचतात. पर्स उचललीसुद्धा होती मी.

डेपोवाली उठली, पण ट्रंकेला तिनं हात लावला नाही.

“आठ दिवस सांगतेय, तुमचंच आहे,” ती नवऱ्याला म्हणाली. “पोरांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. ते तुम्हाला खोटं वाटलं. आणि हे फाटलं ते खरं वाटलं. रबराचं ऐकलंत, माझं नाही.”

मग ती माझ्याकडे वळली. “आणि बाई, तुम्हीसुद्धा. दवाखान्यात पहिलं मलाच ओरडलात.”

खरं होतं.

“नळावर बोललात ना?” ती नवऱ्याला म्हणाली. “चारला पुन्हा पाणी येतं. तिथं जाऊन बोला. नाहीतर मी भावाबरोबर चालले, आणि पोरं घेऊन चालले.”

“अगं, लोकांसमोर हे कसं...”

“तसंच. जेवढ्या मोठ्यानं तेव्हा बोललात तेवढ्याच मोठ्यानं.”

पुढचं एक इथंच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्यांचा जीव त्यात अडकून राहील. मूल तिनं ठेवलं नाही. पुढच्या आठवड्यात मी तिला उल्हासनगरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. नवरा सोबत आला, बाहेर बाकड्यावर बसून राहिला. तांबीसुद्धा तिनं त्याच दिवशी बसवून घेतली. काळजात जात नाही ना, हे मला तीनदा विचारून. रक्ताच्या गोळ्या चार महिने घेतल्या आणि गठ्ठे पुन्हा सुरू केले. ते सगळं नीट झालं. पण शुक्रवारी दुपारी चार वाजता हे कुणालाच माहीत नव्हतं.

चार वाजले. हंडे, कळश्या, बादल्या खडखडल्या, बायका रांगेत उभ्या राहिल्या. सुट्टीचा दिवस, म्हणून पुरुषही ओट्यांवर बसलेले. डेपोवाली रिकाम्या हातानं नळाजवळ जाऊन उभी राहिली. बायकांनी तिच्यापासून थोडं अंतर ठेवलं. तिचा नवरा बनियनवरच बाहेर आला. मी त्याच्या मागे. भाऊ दारातच थांबला, ट्रंकेजवळ.

नवऱ्यानं घसा साफ केला. “त्या दिवशी मी बोललो ते चुकीचं बोललो,” तो म्हणाला.

“ऐकू नाही आलं,” ती म्हणाली.

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं. त्याचे कान लाल झाले. मग खरंच त्यानं आवाज चढवला. “मी माझ्या बायकोवर खोटा आळ घेतला! पोर माझं आहे. साधन फसलं म्हणून झालंय. हिची काही चूक नाही. माझी आहे!”

नळ चालूच होता. ओट्यावरच्या एकानं विडी विझवली. सासू दारात येऊन उभी राहिली होती, ती पुढे होऊन सुनेच्या शेजारी उभी राहिली.

डेपोवालीनं माझ्याकडे बघितलं. “आता तुम्ही.”

मी आयुष्यात शेकडो बायकांसमोर बोलले असेन. त्या दिवशी मात्र नोकरी डोळ्यांसमोर आली. माझा पगार, घरची माझी दोन पोरं, मीटिंगमधल्या त्या सिस्टर, सगळं आलं. मग मला त्या भीतीचाच राग आला, आणि राग आला की मला बोलता येतं.

“ऐका गं सगळ्या!” मी म्हटलं. “साधन का फसलं तेही ऐका. संक्रांतीला मी तुम्हाला खोबरेल लावायला सांगितलं होतं. ते चूक होतं. मला माहीत नव्हतं, तरी मी सांगितलं. तेलानं रबर फाटतं. निरोध वापरायचाच, पण तेल लावायचं नाही. खोबरेल नाही, गोडेतेल नाही, तूप नाही, व्हॅसलीन नाही. आग होत असेल तर मला सांगा, दुसरं काही बघू, तांबी बघू. आणि कुणाला माझी तक्रार करायची असेल तर दवाखान्यात जाऊन करा. डॉक्टरबाईंना मी उद्या स्वतः सांगणार आहे.”

मला वाटलं, आता शिव्या पडतील. दोन-चार पडल्याच. “वा बाई, आणि आम्ही तुम्हाला देव मानत होतो!” असं एकजण म्हणाली. पडल्या ते बरं झालं. डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी अर्धा तास झापलं, आणि मग माझ्याच हातानं दवाखान्यातल्या पाटीवर तेलाची सूचना लिहून घेतली.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी शिव्या संपल्यावर नळाखाली कुणाचीतरी कळशी भरून वाहायला लागली होती आणि ती कुणी उचलत नव्हतं. कळशीची मालकीण शेजारीच उभी होती. शेवटच्या खोलीतली, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, कडेवर सहा महिन्यांचं मूल. माझ्या वहीत ती होती, पण तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“बाई,” ती म्हणाली, “मग माझंही त्यानंच झालं असेल.”

सगळ्यांच्या माना वळल्या.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दीड महिना झाला. घरात सांगितलं नाही. यांचं बघितलं ना, मग...” ती डेपोवालीकडे बघून थांबली. कडेवरच्या पोराला तिनं इतकं घट्ट धरलं होतं की ते रडायला लागलं.

मी पुढे होणार तेवढ्यात डेपोवाली पुढे झाली. तिनं नळ बंद केला, पोर स्वतःच्या कडेवर घेतलं आणि तिचा दंड धरला. “कळशी राहू दे इथंच. आत चल आधी. नवरा घरी आहे ना तुझा आज?”

तिनं मानेनंच हो म्हटलं.

डेपोवाली आपल्या नवऱ्याकडे वळली. तो अजून तिथंच उभा होता, मान खाली घालून. “ऐकलंत ना?” ती म्हणाली. “त्यानं हिला काही बोलायच्या आत तुम्ही जा. तुमचं ऐकेल तो. दोन्ही पेले घेऊन जा.”

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या पोरीकडे.

“जातो,” तो म्हणाला, आणि सदरा घालायला आत गेला.